निवडीआधीचे दहा महिने

विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची ओळख खान्देशातल्या बहुतेक घरांना होते ती वर्तमानपत्रातल्या एका छोट्या बातमीतून. अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीची विद्यापीठ संघात निवड झाली, प्राचार्य, संस्थाचालक आणि क्रीडा संचालकांनी तिचे अभिनंदन केले. निवड ही त्या मुलीच्या आणि तिच्या घराच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, तिचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र हा संघ उभा कसा राहतो, वर्षातले किती दिवस तो खऱ्या अर्थाने संघ असतो आणि उरलेल्या काळात त्या मुली कुठे, कशा खेळतात, हे त्या बातमीत येत नाही. आमचे म्हणणे त्या उरलेल्या काळाबद्दल आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. तोवर खान्देशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणजे अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातल्या किंवा धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयातल्या खेळाडूला विद्यापीठाची जर्सी मिळवायची तर पुणे, नगर, नाशिकच्या मुलींशी स्पर्धा करून बारा जणींत बसावे लागे. स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि जळगाव, धुळे व पुढे १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार, या तीन जिल्ह्यांच्या वाट्याला स्वतःच्या बारा जागा आल्या. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले, लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘उमवि’च आहे. पदव्या आणि परीक्षांच्या चर्चेत या बारा जागांचा उल्लेख कुणी करत नाही, पण ग्रामीण भागातल्या मुलींसाठी विद्यापीठ जवळ येण्याचा एक प्रत्यक्ष लाभ तो होता.

संघापर्यंतची शिडी अशी आहे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतले जाते, त्यातला काही भाग महाविद्यालयाकडे राहतो, काही विद्यापीठाकडे जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात महाविद्यालये आपापले संघ विभागीय स्पर्धेत उतरवतात. विभागांतले विजेते आणि निवडक खेळाडू आंतरविभागीय स्पर्धेत एकत्र येतात, तिथे निवड समिती बारा मुली आणि काही राखीव खेळाडू निवडते. मग आठ-दहा दिवसांचे सराव शिबिर होते, ट्रॅकसूट आणि किट मिळते, प्रशिक्षक व महिला व्यवस्थापक नेमले जातात आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनी चालते. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा आणि मध्य प्रदेशाच्या भागातली विद्यापीठे तिथे भिडतात. पहिल्या चार संघांना अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आहे, आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धाही आहेत. कागदावर पाहिले तर शिडी पुरी आहे, एकही पायरी गाळलेली नाही.

अडचण पायऱ्यांमधल्या अंतरात आहे. व्हॉलीबॉल हा असा खेळ आहे की ज्यात चेंडू हातात धरता येत नाही. कबड्डीत एकटी चढाईपटू सामना फिरवू शकते, धावण्यात तर सगळेच एकटीचे. इथे चेंडू जास्तीत जास्त तीन स्पर्शांत पलीकडे जायला हवा आणि एकीने लागोपाठ दोनदा स्पर्श केला की गुण गेला. म्हणजे पहिला पास चांगला घेणारी मुलगी कितीही तयार असली, तरी पुढे बॉल उठवणारी आणि मारणारी दोघींची वेळ जुळली नाही तर तिचा पास वाया जातो. सेटर चेंडू नेटपासून किती आत देते, किती उंच देते, स्मॅशर कोणत्या पावलावर उडी घेते, हे सांगून जमत नाही. शेकडो वेळा एकत्र केल्यावर ते अंगात बसते.

सर्व्हिस स्वीकारतानाचा एक क्षण जवळून पाहिला तर मुद्दा स्पष्ट होईल. पलीकडून आलेली सर्व्हिस दोघींच्या मधोमध पडते आहे. ती डाव्या बाजूच्या मुलीची की उजवीकडच्या, हे ठरायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ असतो. एकत्र खेळून मुरलेल्या संघात एक जण ‘माझा’ म्हणून ओरडते आणि दुसरी आपोआप मागे सरून तिला जागा देते. नव्याने जुळवलेल्या संघात दोघी थांबतात, एकमेकींकडे पाहतात आणि चेंडू दोघींच्या पायाशी पडतो. चोपड्याची मुलगी आणि शिरपूरची मुलगी, दोघीही आपापल्या महाविद्यालयात उत्तम खेळतात, पण त्यांची गाठ पडते शिबिराच्या पहिल्या दिवशी. आठ-दहा दिवसांत प्रशिक्षक रोटेशन लावून देऊ शकतो, चुका दाखवू शकतो, पण हा अर्धा सेकंद त्याला देता येत नाही.

आणि त्या शिबिरानंतर काय? विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरुवातीला बाद पद्धतीने होते, साखळी येते ती शेवटच्या चार संघांसाठी. रात्रभर, कधी त्याहूनही जास्त रेल्वेने प्रवास करून राजस्थानात पोहोचलेला संघ पहिल्याच सामन्यात हरला तर परतीची गाडी पकडतो. वर्षभराची वाट पाहणे, शिबिर आणि एक सामना. विद्यापीठ पातळीवर हे टाळणे आपल्या हातात नाही, कारण ते नियम राष्ट्रीय संघटनेचे आहेत. पण हीच बाद पद्धत खाली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतही वापरली जाते, आणि तिथे ती बदलणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

हा हिशेब मांडून पाहावा. आठ महाविद्यालयांचे संघ बाद पद्धतीने खेळले तर एकूण सात सामने होतात आणि चार संघ एकेक सामना खेळून घरी जातात. तीन सेटचा सामना असेल तर एकतर्फी लढत पाऊण तासात आटोपते. अक्कलकुव्याच्या मुली जळगावला खेळायला आल्या तर त्यांनी जाऊन-येऊन चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास केलेला असतो. त्या प्रवासाचा, जेवणाचा खर्च महाविद्यालयाने केलेला असतो, घरच्यांची परवानगी मिनतवारीने मिळालेली असते, आणि मुलींचा संपूर्ण हंगाम म्हणजे तो पाऊण तास. त्यातही बाकावर बसलेल्या मुलींना एकही रॅली खेळायला मिळालेली नसते. पुढच्या वर्षी त्या मुलींनी सरावाला यावेच कशासाठी? तेच आठ संघ चार-चारच्या दोन गटांत साखळी पद्धतीने खेळवले तर प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात, उपांत्य आणि अंतिम फेरी धरून एकूण पंधरा सामने होतात. दोन मैदाने असली तर दोन दिवसांत ते बसतात. मुक्कामाचा खर्च एका रात्रीने वाढेल, हे खरे आहे. पण एका सामन्यासाठी केलेला प्रवासखर्च जवळजवळ वाया जातो, हेही तितकेच खरे आहे, आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही. निवड समितीलाही तीन सामने पाहून निवड करता येईल. सध्या पहिल्या फेरीत हरलेल्या संघातली गुणी मुलगी समितीच्या नजरेस पडते की नाही, हे दैवावर सोडलेले असते.

मुलींचे संघ मुळात कमी उतरतात, मग साखळी कशाला, असा आक्षेप येतो. संघ कमी का उतरतात हे मग पाहायला हवे. मुली खेळायला येत नाहीत, असे सांगून हा विषय फार लवकर मिटवला जातो. ज्या महाविद्यालयांत सरावाची वेळ आणि बसची वेळ जुळते तिथे मुली येतात, हा अनुभव क्रीडा शिक्षकांना विचारा. व्हॉलीबॉलचा सराव परंपरेने संध्याकाळी साडेचार-पाचनंतरचा. खान्देशात त्याला उन्हाचेही कारण आहे, भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी मैदानावर उभे राहवत नाही. पण गावाकडची शेवटची एसटी त्याच सुमारास सुटते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याचा मुलींच्या शिक्षणाला मोठा आधार आहे, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? शिवाय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकमेकांना येऊन भिडतात. दिवाळीच्या आगेमागे घरात वेचणीला हात कमी पडतात तेव्हा मुलाचा सराव चालू राहतो, मुलीचा थांबतो.

यापुढची दोन कारणे मैदानापासून दूरची वाटतील, पण ती दूरची नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या खेळात एका सामन्यात दहादहा वेळा, वीसवीस वेळा पूर्ण ताकदीने उडी घ्यायची असते, तिथे हिमोग्लोबिन ही संघनिवडीइतकीच महत्त्वाची बाब आहे. शिबिरात अंडी, केळी, दूध देऊन दहा दिवसांत ते भरून निघत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातही नाही. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचे राज्याचे प्रमाण २१.९ टक्के आहे, आणि धुळे व जळगाव हे दोन्ही जिल्हे त्या सरासरीच्या वर आहेत. बारावीनंतर ज्या मुली महाविद्यालयात पोहोचतात त्या या चाळणीतून वाचलेल्या असतात, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून लग्नाची बोलणी त्यांच्याही घरी सुरू होतात. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमाने २५ वर्षांपर्यंत खेळता येते. आपल्याकडच्या कित्येक मुलींची कारकीर्द विशीतच, सुरू होता होता संपते. त्यामुळे संघात सलग तीन वर्षे टिकणाऱ्या मुली कमी, आणि दरवर्षी नव्याने जुळवणी.

मैदानावरची एक साधी गोष्ट सांगतो. मुलांच्या व्हॉलीबॉलचे नेट २.४३ मीटरवर असते, मुलींचे २.२४ मीटरवर. फरक १९ सेंटीमीटरचा. ज्या महाविद्यालयात एकच मैदान आहे तिथे नेट मुलांच्या उंचीवर बांधलेले असते आणि बहुधा तसेच राहते, कारण खांबाची चावी गंजलेली असते, किंवा ती कुणाकडे आहे हे ठाऊक नसते, किंवा मुलांचा सराव संपेतो अंधार पडतो. मुली मग त्याच उंच नेटवर खेळतात. उंच नेटवर स्मॅश बसत नाही म्हणून चेंडू नुसता पलीकडे ढकलायची सवय लागते, ब्लॉकसाठी हात नेटच्या वर निघतच नाहीत म्हणून ब्लॉक शिकलाच जात नाही. मग स्पर्धेत २.२४ मीटरचे नेट समोर येते आणि ज्या मुलींनी वर्षभर त्यावर मारले आहे त्या समोर उभ्या असतात. मुलींना आठवड्यातले तीन दिवस आधीची वेळ द्यावी आणि त्या दिवशी नेट आधी उतरवून ठेवावे, याला एक पैसाही लागत नाही.

हे सगळे पाहायचे कुणी? महाविद्यालयात ते काम शारीरिक शिक्षण संचालकांचे, मुलांच्या भाषेत ‘पी. डी. सरां’चे किंवा ‘मॅडम’चे. खान्देशातला जो काही महिला व्हॉलीबॉल आज उभा आहे तो अशा काही शिक्षकांच्या जिवावर आहे. त्यांनी घरोघर जाऊन वडिलांची समजूत घातली आहे, उशीर झाल्यावर मुलींना गावी पोहोचवले आहे, बुटांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले आहेत. पण ही पदे राज्यभर वर्षानुवर्षे रिकामी राहिली. २०१८ च्या नोव्हेंबरात सरकारने अनुदानित महाविद्यालयांतल्या ४,७३८ पदांच्या भरतीला परवानगी दिली, त्यात शारीरिक शिक्षण संचालकांची पदे होती १३९, अख्ख्या महाराष्ट्रासाठी. जिथे पद रिकामे आहे तिथे मराठीचे किंवा वाणिज्यचे एखादे प्राध्यापक ‘क्रीडा विभागप्रमुख’ म्हणून प्रवेशिका भरतात, ओळखपत्रे गोळा करतात आणि संघ घेऊन जातात. ते हे प्रामाणिकपणे करतात. पण सर्व्हिसचा हात कुठे चुकतो हे त्यांनी सांगावे, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

जगात हे कसे घडले त्याचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. ३० ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतल्या लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहायला ९२,००३ प्रेक्षक आले. नेब्रास्का हे शेतीचे राज्य, मका आणि गुरांचे. लोकसंख्या सुमारे २० लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या धुळे जिल्ह्याइतकी. पैसा आपल्याहून कितीतरी जास्त, हे मान्य. पण त्या पैशामागे दोन गोष्टी होत्या. पहिली, १९७२ चा कायदा, ज्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात दुय्यम वागणूक देण्यास मनाई केली. दुसरी, सातत्य: १९७७ ते २०२४ या जवळजवळ अर्ध्या शतकात त्या संघाला मुख्य प्रशिक्षक फक्त दोन मिळाले. मुली दर चार वर्षांनी बदलत गेल्या, शिकवण्याची रीत टिकून राहिली. आपल्याकडे शिबिराला प्रशिक्षक नेमला जातो तो त्या वर्षापुरता, आणि पुढच्या वर्षी कोण असेल हे त्यालाही माहीत नसते.

कापसाशी नाते असलेल्या प्रदेशाला जपानचेही उदाहरण सांगायला हवे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा खेळला गेला आणि मुलींचे सुवर्णपदक जपानने सोव्हिएत संघाला हरवून जिंकले. त्या संघातल्या बहुतेक मुली कायझुका इथल्या एकाच कापड गिरणीत काम करत आणि कामाचे तास संपल्यावर तिथेच एकत्र सराव करत. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांच्या कठोर पद्धती आज कुणी स्वीकारू नयेत, पण त्या मुली वर्षानुवर्षे एकत्र होत्या, ही त्यांच्या यशातली सर्वांत मोठी गोष्ट होती. केरळात क्रीडा परिषदेची वसतिगृहे महाविद्यालयांना जोडलेली आहेत आणि तिथल्या मुलींचे संघ देशात वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले, त्याचेही मर्म हेच.

खान्देशात प्रत्येक महाविद्यालयात वर्षभर प्रशिक्षण चालेल, ही अपेक्षा आम्ही ठेवत नाही. पण जळगाव, अमळनेर, धुळे आणि नंदुरबार अशी चार केंद्रे ठरवता येतील. जळगावात मूळजी जेठा महाविद्यालयाचे एकलव्य क्रीडा संकुल आणि जिल्हा क्रीडा संकुल आहे, धुळ्यातही मैदाने आहेत. सुरत–भुसावळ लोहमार्ग यातली तीन गावे एकमेकांना जोडतो. आदल्या वर्षीच्या निवडीतल्या आणि नव्याने दिसलेल्या मुलींनी आपल्याला जवळच्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा यावे, महिन्यातून एकदा दोन केंद्रांनी एकमेकांशी खेळावे, आणि प्रत्येक केंद्रावर किमान तीन वर्षांसाठी नेमलेला, मानधन मिळणारा प्रशिक्षक असावा. नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये आखलेल्या श्रेयांकांच्या चौकटीत सहअभ्यासक्रमांना जागा आहे आणि त्यात क्रीडाही आहे. या श्रेयांकांचा तास वेळापत्रकात दुपारी साडेतीनला ठेवला तर सराव महाविद्यालयाच्या वेळेत बसतो आणि शेवटच्या एसटीचा प्रश्न बराचसा सुटतो. उन्हाळ्याचे दोन महिने सोडून हे चालवता येईल. सध्या क्रीडेचे श्रेयांक बऱ्याच ठिकाणी लेखी टिपणांवर आणि तोंडी परीक्षेवर दिले जात असतील, तर ते मैदानावर आणणे हे विद्यापीठाच्या एका परिपत्रकाचे काम आहे.

मुली प्रमाणपत्रासाठी खेळतात, अशी कुजबुज ऐकू येते. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत त्याचा उपयोग होतो, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ते लोकांना चांगले ठाऊक आहे. ज्या घरात मुलीला अजून एक वर्ष शिकू द्यायचे की नाही याचा विचार चालू असतो, तिथे नोकरीची शक्यता हा वडिलांना पटणारा मुद्दा असतो. पण या सवलतींचा खरा लाभ पदकाला मिळतो, नुसत्या सहभागाला फारसा नाही. म्हणून ज्या व्यवस्थेत संघ पहिल्या फेरीत परततो, ती त्या मुलींची नोकरीची वाटही अरुंद करते.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली आहे. साखळी स्पर्धेचा निर्णय त्या मंडळाला येत्या हंगामाचे वेळापत्रक ठरवतानाच घेता येईल, आणि ते वेळापत्रक ठरवताना सत्र परीक्षा व कापूस वेचणीचे आठवडे समोर ठेवता येतील. केंद्रे आणि प्रशिक्षकांचे मानधन यासाठी मात्र पैसा लागेल. मार्चमध्ये विद्यापीठाचे अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते. क्रीडा शुल्क म्हणून विद्यार्थिनींकडून वर्षभरात किती रक्कम जमा झाली आणि मुलींच्या संघांच्या सरावावर, स्पर्धेच्या प्रवासावर नव्हे, त्यातली किती खर्च झाली, हे दोन आकडे अधिसभा सदस्यांनी त्या बैठकीत मागावेत आणि चार केंद्रांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मंजूर करून घ्यावे.